सावलीतल्या वाफ्याचा वारस

लिहून ठेवणार मी स्वतः. धंद्याने सोफे, खुर्च्या आणि गाद्या नव्याने भरणारी. नात्याने दोन मुलांची आई आणि एका दिरांची वहिनी. वयाने एवढी, की डॉक्टर आता 'या वयात' असं म्हणूनच बोलायला सुरुवात करतात. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती ठणठणीत आहे (कोण कधी काय बोललं होतं ते सगळं आठवतं, संबंधितांनी नोंद घ्यावी). हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. अक्षर थोडं हललेलं दिसेल. ते म्हातारपणामुळे नाही, आनंदामुळे आहे!

वकीलसाहेब गेली कित्येक वर्षं मागे लागले होते, "ताई, लिहून टाका हो एकदाचं, उगाच मागे घोळ नको." मी म्हणायचे, "देण्यासारखं आहे काय माझ्याकडे?" घर आहे, पण त्यात मुलं लहानाची मोठी झाली, ते काय मी वेगळं देणार? मग आज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेले आणि जोरात ओरडले. उगवलं! दोन हिवाळे ज्या वाफ्यात नुसती काळी माती दिसत होती, तिथे हिरवी पानं! एकेक पान, नखाएवढं, वाकडं वर आलेलं. काहींच्या डोक्यावर बीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मोजायला बसले आणि सोडून दिलं, डोळ्यांत पाणी यायला लागलं की आकडा चुकतो. म्हटलं, आता माझ्याकडे देण्यासारखं आहे. म्हणून आजच्या आज हे लिहिते आहे. यापूर्वी मी रागाच्या भरात कुठल्याही कागदावर काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

कलम १. घर. माझ्या मालकीचं हे घर माझ्या मुलाला आणि मुलीला समान हिश्श्याने मिळावं. पुढचं दुकान मुलाने घ्यावं, वरच्या खोल्या मुलीने. जिना दोघांचा. जिन्यात सामान ठेवण्यावरून भांडू नये. भांडलंत तर तुमच्या वडिलांसारखेच दिसाल.

कलम २. हत्यारं. वाकड्या सुया, सुतळी आणि अंगठ्याची पितळी टोपी मुलीला. तिचा टाका लहानपणापासून माझ्यापेक्षा बारीक, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, ते इथे सांगते. हातोडी मुलाला; त्याच्या स्वभावाला ती शोभते. मोठी कात्री कोणीही घ्यावी, पण त्या कात्रीने कागद कापू नये. माझ्या पश्चातसुद्धा मला ते चालणार नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यावं आणि "एवढंच?" असं मोठ्याने म्हणू नये.

कलम ४. मागचं अंगण. हे कलम लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने चहा टाकून यावा.

आमच्या मागच्या अंगणात ऊन येत नाही. तीन बाजूंना भिंती आणि मध्ये दोन मोठी झाडं. हिवाळा सरताना झाडं उघडी असतात तेव्हा थोडे दिवस उजेड पडतो, मग पालवी फुटली की पुन्हा सावली. आमच्या ह्यांनी तिथे गुलाब लावून पाहिले, टोमॅटो लावून पाहिले, सगळ्यांनी माना टाकल्या. हे गेल्यावर मी तिथे फक्त धुणं वाळत घालायचे आणि ते वाळत नाही म्हणून सावलीला शिव्या द्यायचे.

मग एक दिवस वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांची आरामखुर्ची भरायला आली. काम झाल्यावर ती पोचवायला गेले, तर त्यांच्या घरामागे गर्द झाडांच्या बुडाशी पांढरी फुलं. प्रत्येक दांड्याला तीन पानं आणि वर तीन पाकळ्यांचं एकच फूल. माझ्या दुकानातलं पांढऱ्यातलं पांढरं कापड त्याच्या शेजारी धरलं असतं तर कळकट दिसलं असतं.

"अहो साहेब, ही सावलीत कशी आली?"

"ही सावलीतलीच आहेत. उन्हात नेलीत तर जगणार नाहीत."

माझ्या अंगावर काटाच आला. इतकी वर्षं मी जिच्या नावाने बोटं मोडली, ती सावली कुणाला तरी हवी होती! साहेबांनी त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं, ते मी जिन्यापर्यंतच विसरले. आमच्या घरात त्याला 'तीनपानी' म्हणायला लागले. धाकटे भाऊजी म्हणाले, "पत्त्यांचा डाव वाटतो." पण नाव तेच राहिलं.

साहेबांनी त्या वर्षी एक बोंड दिलं. मी शहाण्यासारखी बिया काढल्या, छान वाळवल्या, पाकिटात घातल्या आणि बटणांच्या खणात जपून ठेवल्या. सगळ्या मेल्या. या फुलाची बी वाळली की संपली. बोंडातून काढल्या काढल्या ओल्या मातीत जायला हवी. हे साहेबांनी मला पुढच्या वर्षी सांगितलं, आणि वर हसले. त्यानंतर त्यांची दुसरी खुर्ची आली तेव्हा तिच्यात एक स्प्रिंग मी जरा कडकच बसवली.

दुसऱ्या खेपेला ओलं बोंड ओंजळीत धरून रिक्षाने घरी आले आणि त्याच संध्याकाळी पेरलं. साहेबांनी बजावलं होतं, "पहिल्या वर्षी ही फक्त खाली जाते, मुळी धरते. वर काही दिसणार नाही. दुसरा हिवाळा गेला की एक पान. मग काही वर्षं एकच पान. मग तीन. फूल म्हणाल तर सहा-सात वर्षं धरा." मी मुलीला म्हटलं, "वाफ्याला हात लावू नकोस." ती म्हणाली, "नाही लावणार."

माझी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्यासारखी कष्टाळू मुलगी शोधून सापडणार नाही. पण तिला रिकामी जागा बघवत नाही आणि मळकी तर मुळीच नाही. तिचे हात सतत शिवशिवत असतात. पुढच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. वर्ष होऊन गेलं तरी वाफ्यात काही उगवलं नाही, आई बिचारी वाट बघते आहे, म्हणून या बाईने मला आनंद व्हावा यासाठी वाफा उपसला, माती चाळली, खडे वेचले आणि रोपवाटिकेतून केशरी फुलांची रोपं आणून ओळीत लावली. पट्टी निघाली, मला हाताला धरून मागच्या दारी नेलं आणि म्हणाली, "बघ!"

मी बघितलं. भिंतीशी चाळलेल्या मातीचा ढीग होता, त्यात पांढरे दोरे दिसत होते. आधी वाटलं, माझ्याच दुकानातली कातरणं. एक उचलून नव्या डोळ्याजवळ धरलं. मुळी होती, टोकाला बी. सुकून गेलेली. सगळ्याच्या सगळ्या. अति तिथे माती म्हणतात, इथे माझी मातीसुद्धा गेली.

मी तिला एक शब्द बोलले नाही. आमच्या घरात भांडण झालं की रात्रीच्या जेवणापर्यंत मिटतं. हे मिटलंच नाही, कारण ते झालंच नाही. तिला मागाहून कुणाकडून तरी कळलं. तेव्हापासून ती घरी येते, सगळं घर झाडते, पुसते, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी थांबते. केशरी फुलंही बिचारी सावलीत महिनाभरात गेली.

तिसरं बोंड शेवटचं होतं. साहेब मुलाकडे राहायला निघाले होते, घर विकलं होतं. आता तिथे मोठी इमारत उभी आहे. म्हणजे ही फुलं या गावात होती ती गेली. जे काही उरलं आहे ते माझ्या वाफ्यात आहे. कळलं का, मी सकाळी का ओरडले ते?

ते बोंड पेरल्यावर मी धाकट्या भाऊजींना आणून वाफ्याशेजारी बसवलं.

भाऊजींबद्दल सांगणं भाग आहे. ते आमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून राहायला आले, ते राहिलेच. मुलं लहानपणी त्यांना 'तक्क्या काका' म्हणायची, कारण ते जिथे टेकतील तिथून हलत नाहीत. सोफा भरून झाला की मी त्यावर त्यांना दिवसभर बसवायचे. संध्याकाळी गादी दबलेली नसली तर काम पास. सगळे त्यांना आळशी म्हणतात. मीही म्हटलं आहे, खूपदा, त्यांच्या तोंडावर. पण लोक एक विसरतात. भाऊजींनी सबंध नोकरी संग्रहालयात केली. एका दालनात खुर्चीवर बसायचं आणि येईल त्याला म्हणायचं, "हात लावू नका." त्यांच्या दालनातली एक वस्तू कधी फुटली नाही, हरवली नाही. हे काम आपल्यातल्या कुणाला जमलं असतं? मला तर नाहीच, मी तासाभरात मूर्ती पुसायला घेतल्या असत्या.

तर दोन वर्षं भाऊजी आरामखुर्चीत वाफ्याशेजारी बसले. पावसात छत्री, थंडीत घोंगडी. मुलगा एकदा टेप घेऊन आला. तो फरश्या बसवण्याचं काम करतो. त्याला जमीन दिसली की फरशी दिसते. त्याला तिथे गाडी ठेवायला जागा करायची होती.

"काका, जरा उठा. मोजमाप घेतो."

भाऊजी उठले नाहीत. त्यांनी नुसती मान वर केली आणि त्या जुन्या नोकरीच्या आवाजात म्हणाले, "हात लावू नका. मागे उभे राहा."

आणि माझा तो एवढा धिप्पाड मुलगा सहलीला आलेल्या पोरासारखा दोन पावलं मागे सरकला! मी खिडकीत हसून हसून बेजार. टेप गुंडाळून गेला तो पुन्हा विषय नाही.

सबब, मागचं अंगण, त्यातली दोन्ही झाडं, वाफा आणि आरामखुर्ची हे सर्व माझे धाकटे दीर यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहावं. त्यांच्या संमतीशिवाय कोणी तिथे खणू नये, फरशी घालू नये, फांदी तोडू नये. आयत्या बिळावर नागोबा म्हणाल. खुशाल म्हणा. नागोबा बसला की बिळात कोणी हात घालत नाही, मला तेच हवं आहे.

भाऊजींची संमती मी आज सकाळीच घेतली.

"भाऊजी, अंगण तुमच्या नावे करते आहे."

"मला काही करावं लागेल का, वहिनी?"

"काही नाही."

"पाणी?"

"फारच कोरडं पडलं तर मुलाला हाक मारा."

"हाक मारावी लागेल?" त्यांनी बराच विचार केला. "बरं. तेवढं जमवतो."

कलम ५. भाऊजींनी पुढील गोष्टी करू नयेत. तण उपटू नये. खत घालू नये. पान तोडू नये, कोणाला तोडू देऊ नये. या रोपाला वर्षाला एकच पान येतं, ते गेलं की वर्षभराचं जेवण गेलं. मुंग्यांची पावडर टाकू नये. फुलं आल्यावर बोंडं पिकली की मुंग्या बिया ओढून नेतात, बीला चिकटलेला तेलकट तुकडा खातात आणि बी तशीच बिळाशी टाकून देतात. तिथेही ती उगवते म्हणे! मुंग्या माझ्यासाठी फुकट पेरणी करणार आहेत, हे कळल्यावर मी स्वयंपाकघरातल्या मुंग्यांशीसुद्धा नीट वागायला लागले.

कलम ६. भिंतीपलीकडच्या बाई. हे कलम त्यांना वाचून दाखवू नये.

आमच्या झाडांची पानं त्यांच्या अंगणात पडतात. त्या ती झाडून भिंतीवरून आमच्याकडे फेकतात. मी दर वर्षी कंबर कसून भांडते: "काय हो, लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या दारात कचरा!" मग त्या चिडून दुप्पट फेकतात, आणि कोपऱ्यावरच्या बागेतला पाचोळाही आणून फेकतात. कुजलेला पाचोळा म्हणजे तीनपानीची गादी, उशी आणि जेवण! दुकानातला मऊ कापूससुद्धा इतका चांगला बसत नाही. ज्या दिवशी मी त्यांना "धन्यवाद" म्हणेन, त्या दिवशी पाचोळा बंद होईल. त्यामुळे पानगळ सुरू झाली की माझ्या मुलाने दर वर्षी भिंतीशी जाऊन त्यांच्याशी कडाडून भांडावं, अशी माझी आज्ञा आहे. त्याचा आवाज मोठा आहे. भाऊजींना हे जमणार नाही. त्या बाईंना माझं शिवणयंत्र द्यावं, पण का दिलं ते सांगू नये.

इथपर्यंत लिहून सही करणार होते. वकीलसाहेब आणि समोरच्या दुकानातले चष्मेवाले साक्षीसाठी येऊन बसलेही होते. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

मुलगी होती. कामावरच्या पांढऱ्या कपड्यांत, धापा टाकत. मला वाटलं, रुग्णालयातून माझ्या तब्येतीचं काही कळलं की काय.

"काकांचा फोन आला," ती म्हणाली.

मी उडालेच. भाऊजींनी फोन केला? म्हणजे भाऊजी उठले, पायरी चढले, दुकानापर्यंत चालत गेले आणि नंबर फिरवला! "काय म्हणाले?"

"म्हणाले, उगवलंय. ये."

ती घरातून सरळ मागे गेली आणि सवयीने उंबऱ्यापाशी थांबली. भाऊजी खुर्चीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत ये. हात मागे."

माझी मुलगी हात पाठीमागे बांधून अंगणात गेली. वाफ्याशी उकिडवी बसली. पानापानावरून नजर फिरवत राहिली. मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले. गुडघे कुरकुरले, पण टेकले.

"आई, हेच होतं का गं तेव्हा मातीत?"

"हेच."

"मला वाटलं, पट्टी निघाल्यावर तुला पहिल्यांदा काहीतरी रंगीत दिसावं."

"दिसलं ना गं. केशरी. चांगलं भडक दिसलं."

ती हसायला गेली आणि रडायला लागली. मीही रडले. इतक्या वर्षांचं राहिलेलं भांडण आम्ही तिथे पाच मिनिटांत उरकलं: तू मला विचारलं का नाहीस, तू मला बोलली का नाहीस, मी काय परकी आहे का, तूच मला परकी केलीस. भाऊजी झाडाकडे बघत बसले. माणसं वस्तूंसमोर उभी राहून रडतात, याची त्यांना नोकरीपासून सवय आहे.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "फुलं कधी येतील?"

"आणखी चार-पाच वर्षं तरी."

तिने बोटांवर वर्षं मोजली. माझी फाइल तिनेच वाचली आहे, हृदयाच्या डॉक्टरांशी तीच बोलते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"मी नसेन गं तेव्हा," मी म्हटलं. "म्हणून तर लिहिते आहे."

"आई!"

"ओरडू नकोस, पानं दचकतील. पण उगवलेली बघितली ना मी? साहेबांनी दिलेली बी माझ्या हाताने पेरली आणि ती वर आली. अगं, मला सकाळपासून नाचावंसं वाटतंय. गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर नाचलेही असते!"

वकीलसाहेब दारातून म्हणाले, "ताई, सही?" मी म्हटलं, "थांबा जरा. एक कलम राहिलं."

कलम ७. वर कलम ४ आणि ५ मध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी, माझ्या मुलीला वाफ्यात हात घालायची परवानगी आहे. एकदाच. या रोपांना पहिलं फूल येईल, ते गळेल, त्याचं बोंड पिकून मऊ होईल, त्या दिवशी भाऊजींनी तिला बोलवावं. फोन करावा लागेल. भाऊजी, क्षमा करा. तिने कामावरून सुट्टी काढून यावं, मुंग्यांच्या आधी यावं. बोंड स्वतःच्या हाताने फोडावं, बिया स्वतःच्या हाताने पेराव्यात, वर पाचोळा पसरावा. हे काम मी दुसऱ्या कोणालाही देत नाही. माझी इतर मिळकत कोणीही कशीही सांभाळली तरी चालेल. हे तिनेच करायचं आहे, आणि ती ते माझ्यापेक्षा नीट करील याची मला खात्री आहे.

त्या दिवशी तिला माझी आठवण येईल. येऊ दे. पण बाळ, बोंड हातात घेऊन रडत बसू नकोस. ही बी वाळायला वेळ लागत नाही. आधी पेर, मग रड.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही: (लिहून ठेवणारी)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सही करताना वाफ्याकडे बघत होत्या, एवढंच.

साक्षीदार: वकील

साक्षीदार: समोरचे चष्मेवाले

ठिकाण: घराची मागची पायरी

दिनांक: उगवलं त्याच दिवशी, दुपारी